पानाची साक्ष

ताप आला की आम्ही डॉक्टर व्हायरल आहे म्हणतो आणि मोकळे होतो. पण विषाणू ही कल्पना काही रुग्णालयात जन्मली नाही. ती हॉलंडमध्ये, तंबाखूच्या पानावर जन्मली. ती मांडणारे मार्टिनस बायेरिंक.

त्यांचा जन्म १८५१ मध्ये ॲम्स्टरडॅमला झाला. वडील तंबाखूचे छोटे व्यापारी. धंदा बुडाला आणि त्यांना रेल्वेत नोकरी धरावी लागली. मुलगा शिकला आणि वाखेनिंगनच्या शेतकी शाळेत शिक्षक झाला. तिथे त्यांचे सहकारी ॲडॉल्फ मायर तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचे कारण शोधत होते. रोगट पानाचा रस टोचला की निरोगी झाडही आजारी पडे. जंतू मात्र कुणालाच सापडेना. बायेरिंकनाही नाही. पुढे दहा वर्षे त्यांनी यीस्टच्या कारखान्यात काढली आणि १८९५ मध्ये डेल्फ्टला प्राध्यापक झाल्यावर तो जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला.

जीवाणू अडवणाऱ्या चिनीमातीच्या गाळणीतून त्यांनी रस गाळला. गाळलेल्या रसानेही रोग झाला. रशियात इव्हानोव्स्कींना १८९२ मध्ये हेच दिसले होते, पण त्यांचा संशय जीवाणूवरून हटला नाही. बायेरिंक एक पाऊल पुढे गेले. थेंबभर रसाने आजारी पडलेल्या झाडाचा रस दुसऱ्याला, त्याचा तिसऱ्याला दिला. रोगाची धार कमी होईना. साधे विष असते तर पातळ होत संपले असते. म्हणजे हे जे काही आहे ते वाढते, आणि तेही फक्त जिवंत, वाढत्या पेशींत. १८९८ मध्ये त्यांनी हे मांडले आणि त्याला व्हायरस म्हटले. तो द्रवरूप आहे, हा त्यांचा तर्क मात्र चुकला.

स्वभावाने माणूस कडक. लग्न केले नाही, बहिणींसोबत राहिले. विद्यार्थी त्यांना टरकून असत. (असे एक सर आम्हालाही होते; त्यांनी शिकवलेले अजून विसरलेलो नाही.) १ जानेवारी १९३१ रोजी ते गेले. स्टॅनलींनी त्या विषाणूचे स्फटिक मिळवले ते १९३५ मध्ये.

तोच विषाणू आणि त्याचे भाऊबंद टोमॅटोच्या बियांच्या सालीवर बसून शेतात पोहोचतात. रोपे उपटून लावताना मुळांना, पानांना बारीक जखमा होतात आणि तेवढी वाट त्यांना पुरते. म्हणून विक्रीपूर्वी बियांचे नमुने वाटून त्यांवर एलायझा, पीसीआर करतात. यांतली एलायझा आम्ही डेंग्यूसाठी रोज वापरतो, तीच. पण पीसीआरला निष्प्रभ झालेल्या विषाणूचे अवशेषही सापडतात. बरा झालेला कोविडचा रुग्ण पुढे काही आठवडे पॉझिटिव्ह येत असे, तसेच. बियांवर प्रक्रिया झालेली असेल तर प्रश्न उरतोच: विषाणू अजून रोग देऊ शकतो का? मग बियांचा अर्क एका जिवंत पानावर चोळतात आणि काही दिवस डाग उमटण्याची वाट पाहतात.

ते पान बहुधा तंबाखूचेच असते.