खराटा हाती घेणारे गाडगेबाबा

गावाची घाण कोणी काढायची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जुन्या गावगाड्यात त्याचे उत्तर ठरलेले होते. घाण साऱ्या गावाने करायची, ती आपल्या वाडवडिलांनी उचलायची, आणि तिचा ढीग पडायचा तोही गावकुसाबाहेर, आपल्याच वस्तीच्या तोंडाशी. हे उत्तर खोटे आहे, हे ज्यांनी स्वतः खराटा हाती घेऊन गावोगाव दाखवून दिले, त्या गाडगेबाबांचे चरित्र म्हणूनच आपण समजून घेतले पाहिजे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखीत, शेती कसत डेबूजी वाढले. शाळा त्यांना मिळाली नाही. सावकार अडाणी माणसाची जमीन कशी गिळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न करता त्यांनी गोड जेवण घातले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांची रीत ठरलेली होती. गावात शिरले की कोणाला न विचारता ते रस्ते झाडू लागत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. लोकांना आधी नवल वाटे, मग लाज वाटे, आणि हळूहळू तेही हात लावीत. दिवसा रस्त्यावरची घाण काढली की रात्री कीर्तनातून मनातली घाण काढायची. साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून ते लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्ने करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हेच त्यांचे सांगणे. पंढरपूरच्या वारीत लाखो लोक दर्शनाला जात, बाबा मात्र नदीचे वाळवंट झाडीत राहत.

बाबा बौद्ध नव्हते, हे खरे. पण प. पू. डॉ. बाबासाहेबांच्या कार्याशी त्यांचे नाते जवळचे होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले, आणि १९२८ साली महार वतनाच्या गुलामीविरुद्ध मुंबई कायदेमंडळात बिल आणले. जन्माने लादलेला खराटा त्यांनी आपल्या हातातून काढला. गाडगेबाबांनी तोच खराटा साऱ्या गावाच्या हाती दिला. एकाच अन्यायावर हे दोन बाजूंनी घातलेले घाव होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती मुलांच्या शिक्षणासाठी.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने पुढे ग्रामस्वच्छता अभियानही चालविले.

तरीही आज गावाचा वा शहराचा कचरा रात्री ट्रॉली भरून गरिबांच्या वस्तीशेजारी ओतला जातो. उघड्यावर असा कचरा टाकणे कायद्याविरुद्ध आहे. तो आपले नशीब म्हणून सोसू नका आणि जातीचे काम म्हणून मुकाट्याने उचलूही नका. वस्तीतील सर्व कुटुंबांच्या सह्यांनी ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पाठपुरावा करा. त्याचबरोबर आपल्या घरचा केर शेजाऱ्याच्या दारात लोटू नका. विहाराचे अंगण बाया-बापड्यांनी, मुलांनी, पुढाऱ्यांनी मिळून झाडावे. ज्याची घाण त्याने काढावी, आणि सर्वांची असेल ती सर्वांनी काढावी. समता ती हीच.