आजही बोअरमध्ये घालतात तो केसिंग पाइप, पण त्याचं पेटंट न घेणारा ड्रेक पेन्शनवर जगला

गावाकडं बोअर मारायची गाडी आली की शेतमालकाचा पहिला प्रश्न असतो पाणी किती फुटांवर लागेल. गाडीवाल्याचा पहिला हिशोब मात्र वेगळा असतो. तो म्हणजे केसिंग किती फूट जाणार.

कारण सोपंय. वरची माती आणि मुरूम ढासळून भोकात पडला तर खालचं सगळं काम वाया जातं. म्हणून पक्का खडक लागेपर्यंत पाइप घालायचा, तो खडकात घट्ट बसवायचा आणि मग त्याच्या आतून पुढं ड्रिलिंग करायचं.

आज ही गोष्ट कुणालाही माहितीये. पण 1859 मध्ये अमेरिकेत एका माणसाचं अख्खं काम याच ठिकाणी अडलं होतं. त्याचं नाव एडविन ड्रेक.

तेलाच्या धंद्याचा इतिहास सांगताना पहिलं नाव त्याचंच घेतात. पण तो इंजिनिअर नव्हता आणि त्याला ड्रिलिंगचा अनुभवही नव्हता. तो होता रेल्वेतला कंडक्टर.

ड्रेकचा जन्म 1819 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनव्हिलचा. त्याने बरीच कामं केली आणि शेवटी न्यू हेवनच्या रेल्वेत कंडक्टर म्हणून लागला. पुढं आजारपणामुळे ती नोकरीही सुटली. त्या काळात तो न्यू हेवनमधल्या एका हॉटेलात राहायचा. त्याच हॉटेलात जेम्स टाउनसेंड नावाचे बँकर राहायचे.

टाउनसेंड आणि त्यांच्या साथीदारांच्या डोक्यात तेव्हा एकच विषय होता, दगडातलं तेल.

पेनसिल्व्हेनियातल्या टायटसविल गावाजवळ ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग यायचा. लोक ते औषध म्हणून वापरायचे. 1855 मध्ये येल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन यांनी या तेलाची तपासणी केली आणि त्यापासून दिव्यासाठी चांगलं इंधन मिळू शकतं असा अहवाल दिला. देवमाशाचं तेल महागलेलं असताना ही बातमी सोन्यासारखी होती. प्रश्न एवढाच होता की ओढ्यावर फडकी पसरून आणि पिळून असं किती तेल मिळणार?

त्यासाठी जागेवर जाऊन काम बघणारा माणूस हवा होता. ड्रेककडं वेळ होता, कंपनीचे 200 डॉलरचे शेअर्स होते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेल्वेचा फुकट पास होता. वर्षाला 1 हजार डॉलर पगारावर त्याची निवड झाली.

गावात त्याचं वजन पडावं म्हणून टाउनसेंडने एक युक्ती केली. पाठवलेल्या पत्रांवर कर्नल ड्रेक असा पत्ता घातला. ड्रेक कधीच सैन्यात नव्हता, पण कर्नल ही पदवी त्याला आयुष्यभर चिकटली.

1858 मध्ये त्याने आधी माणसं लावून खोदून बघितलं. खड्ड्यात पाणी भरलं. मग त्याने ठरवलं की मिठाच्या विहिरी जशा ड्रिल करतात तशीच तेलाची विहीर ड्रिल करायची. पण तेलासाठी जमिनीला भोक पाडायचं म्हणणाऱ्या माणसाकडं कारागीर टिकेनात. शेवटी 1859 मध्ये मिठाच्या विहिरींवर हत्यारं बनवणारा लोहार विल्यम स्मिथ आपल्या मुलांना घेऊन आला. लोक त्याला अंकल बिली म्हणायचे.

तेव्हाचं ड्रिलिंग म्हणजे दोराला बांधलेली जड लोखंडी पहार उचलायची आणि आपटायची, पुन्हा उचलायची आणि आपटायची. ताकद वाफेच्या इंजिनाची.

पण साधारण 16 फुटांवर गेलं की भोक ढासळायचं. ओढ्याकाठची वाळू, खडी आणि पाणी आत यायचं. हत्यार सरळ चालायला घट्ट भिंतच नव्हती.

मिठाच्या विहिरी खोदणारे यावर एक उपाय करायचे. पोकळ झाडाचं खोड खड्ड्यात उभं करायचे आणि आतून खोदत ते खडकापर्यंत न्यायचे. पण इथं खोदलं की पाणी भरत होतं. ड्रेकने खोदणं सोडलं आणि बिडाचे 10-10 फुटांचे पाइप एकावर एक ठेवून वरून ठोकत खाली न्यायला सुरुवात केली. 32 फुटांवर पाइप खडकाला भिडला आणि तिथं घट्ट बसला.

आता बाहेर काहीही ढासळो, आत वाट मोकळी होती. पाइपच्या आतून हत्यार सोडलं गेलं आणि खडकात दिवसाला साधारण 3 फूट काम पुढं सरकायला लागलं.

इकडं पैसे संपत आले होते. बाकीच्या भागीदारांनी हात वर केले. टाउनसेंड स्वतःच्या खिशातून पैसे देत होते. शेवटी त्यांनीही अखेरची रक्कम पाठवली आणि बिलं भागवून काम बंद करायला कळवलं.

ते पत्र पोहोचण्याआधी शनिवार आला, 27 ऑगस्ट 1859. साडेएकोणसत्तर फुटांवर हत्यार एका फटीत सरकलं आणि काम थांबलं. रविवारी अंकल बिली विहीर बघायला गेला तर पाइपमध्ये पाण्यावर तेल तरंगत होतं.

त्यानंतर टायटसविलचं चित्रच बदललं. 1860 मध्ये पेनसिल्व्हेनियात चार लाखांहून जास्त बॅरल तेल निघालं. तेल इतकं झालं की सुरुवातीला 20 डॉलरपर्यंत गेलेला बॅरलचा भाव 1861 च्या अखेरीस 10 सेंटवर आला.

आणि ड्रेक?

त्याने पाइपच्या पद्धतीचं पेटंटच घेतलं नाही. शेजारच्या प्रत्येक विहिरीत तसेच पाइप ठोकले गेले आणि त्याला त्यातला एक सेंटही मिळाला नाही. कंपनीने त्याला कामावरून काढलं. जमवलेले पैसे त्याने पुढं तेलाच्याच सट्ट्यात घालवले. त्यात आजाराने शरीर साथ देईना. त्याची अवस्था बघून टायटसविलच्या लोकांनी वर्गणी काढली आणि 1873 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने त्याला वर्षाला 1500 डॉलर पेन्शन मंजूर केली. 1880 मध्ये बेथलेहेम गावात तो वारला.

आता जगातली पहिली तेलविहीर ड्रेकचीच का, यावर वाद आहे. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून बांबू वापरून खोल विहिरी ड्रिल व्हायच्या. बाकूमध्ये 1840 च्या दशकातच तेलासाठी ड्रिलिंग झालं होतं. त्यामुळे पहिला कोण हे बाजूला ठेवू. पण ढासळत्या जमिनीत आधी लोखंडी पाइप खडकापर्यंत ठोकायचा आणि मग त्याच्या आतून काम करायचं, ही पद्धत तेलाच्या धंद्यात रुजली ती त्याच्या विहिरीपासून.

आजच्या तेलविहिरीत हा पाइप सिमेंटने जमिनीला जखडतात. त्याच्या आत हजारो फूट खाली एखादं हत्यार जागेवर रोवायचं असेल तर त्याचे दातेरी पोलादी तुकडे बाहेर येतात आणि पाइपच्या भिंतीला पकडतात. म्हणजे आधी पाइप घट्ट पाहिजे, तरच आतलं हत्यार घट्ट बसतं. ड्रेकची अडचण हीच होती आणि त्याचं उत्तरही हेच होतं.

पुढं स्टँडर्ड ऑइलमधल्या हेन्री रॉजर्स यांच्या पैशातून टायटसविलच्या दफनभूमीत ड्रेकचं स्मारक उभं राहिलं आणि त्याचे अवशेष तिथं आणले गेले. स्मारकात मधोमध ब्राँझचा पुतळा आहे. तो ड्रेकचा नाही, तर गुडघ्यावर बसून हातोडा उगारलेल्या एका ड्रिलिंग कामगाराचा आहे.

पुढच्या वेळी बोअरच्या बिलात केसिंगचे फूट मोजताना हा कंडक्टर आठवला तर हरकत नाही.