बातम्या वाचणारी स्मिता

स्मिता पाटील म्हटलं की ‘उंबरठा’मधली सुलभा महाजन आठवते, नाहीतर ‘जैत रे जैत’मधली चिंधी. पण मुंबईतल्या घरांमध्ये तिचा चेहरा आधी पोचला तो बातम्यांतून!

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव राजकारणातले, मूळ शिरपूरकडचे. आई विद्याताई परिचारिका. घरात राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि विशीही न गाठलेली ही मुलगी तिथे मराठी बातम्या वाचू लागली. टीव्ही तेव्हा कृष्णधवल. तोही आधी मुंबईपुरता, मग १९७३मध्ये पुण्यापर्यंत. तिच्या खानदेशात तो दिसतही नव्हता.

जीन्स घालून यायची आणि बातम्यांपुरती वरूनच साडी गुंडाळायची. पडद्यावर कमरेखालचं दिसतंय कुणाला? पण जे दिसायचं ते मात्र खरं होतं. सावळा रंग, मोठे डोळे, ठसठशीत आवाज. लग्नाच्या बाजारात मुलीचा रंग आधी बघणाऱ्या समाजाला ही सावळी मुलगी रोज बातम्या सांगत होती, आणि लोक मन लावून ऐकत होते.

तिथेच श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं. १९७५मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले. मग ‘मंथन’, ‘भूमिका’. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोन सिनेमांसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर १९८५मध्ये पद्मश्री. बातमी सांगणाऱ्यानं स्वतः मध्ये यायचं नसतं. सिनेमातही ती तशीच राहिली. झोपडपट्टीतली बाई करताना स्मिता दिसायची नाही, ती बाईच दिसायची. ‘उंबरठा’ १९८२मध्ये आला, तेव्हा नोकरीसाठी घर सोडणारी सुलभा कितीतरी जणींना पटली, कितीतरी जणींना खुपली. पण ती खोटी आहे असं कुणाला वाटलं नाही.

२८ नोव्हेंबर १९८६ला तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर गुंतागुंत झाली आणि १३ डिसेंबरला ती गेली. अवघ्या एकतिसाव्या वर्षी! बाळ होतं पंधरा दिवसांचं. इतकी नावाजलेली, मुंबईत राहणारी बाई, तरी बाळंतपणानं गाठलंच तिला.

म्हणून मैत्रिणींनो, घरात ओली बाळंतीण असेल तर बारशाची धावपळ जरा बाजूला ठेवा. आधी तिच्या अंगाला हात लावून बघा. ताप वाटला तर घरगुती उपायांवर वेळ न घालवता सरळ डॉक्टरांकडे न्या. आणि घरातली लेक सावळी असेल, तर तिला स्मिताचा एखादा सिनेमा जरूर दाखवा.