दोन कोनांचा धनी : आंद्रे सित्रोएन

देवळाला जसा कळस, तसा मोटारीला तिचा बिल्ला. गाडी कोणाची हे लांबून त्यावरूनच ओळखायचे. यांतील बहुतेक बिल्ल्यांमागे काही ना काही डौल असतो. मर्सिडीजच्या तीन टोकांच्या ताऱ्याने जमीन, पाणी आणि आकाश या तिन्हींवर हक्क सांगितला. फेरारीचा उधळलेला घोडा आला तो फ्रांचेस्को बाराक्का या पहिल्या महायुद्धातील इटालियन वैमानिकाच्या विमानावरून. सिंह, घोडे, तारे, मुकुट असा हा सगळा राजेशाही थाट! या सरदारांच्या मेळाव्यात एक चिन्ह मात्र कारखान्यातून आलेले आहे. एकावर एक ठेवलेले दोन कोन, दोहोंची टोके वर. फ्रान्सच्या सित्रोएन मोटारीचे हे चिन्ह. २०२१ सालापासून ही मोटार भारतातही विकली जाते, त्यामुळे आपल्याकडच्या रस्त्यांवरही ते दोन कोन अधूनमधून दिसतात.

हे कोन पाहून ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. कोणाला पलटणीतल्या नाईकाच्या बाहीवरच्या दोन फिती आठवतात, कोणाला वर जाणारे बाण दिसतात आणि त्यातून प्रगतीचा अर्थ काढता येतो. फ्रेंच भाषेत अशा कोनाला शेवरों म्हणतात आणि या शब्दाचा जुना अर्थ छपराचा वासा असा आहे. तेव्हा घराचे छप्पर मानायलाही हरकत नाही. पण खरे पाहता ते ना फिती आहेत, ना बाण, ना छप्पर. ते एका दातेरी चाकाचे दात आहेत. त्या दातांची हकीकत सांगायची म्हणजे एका माणसाचे आयुष्यच सांगावे लागते.

आंद्रे सित्रोएनचा जन्म ५ फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लेवी हे अ‍ॅमस्टरडॅमचे ज्यू, हिऱ्यांचे व्यापारी. आई पोलंडमधील वॉर्सा शहराची. पाच भावंडांत आंद्रे सर्वांत धाकटा. घराण्याच्या नावाची गोष्टही मौजेची आहे. एक पूर्वज फळे विकत असे, त्यावरून घराण्याला लिंबूवाले अशा अर्थाचे आडनाव पडले. पुढच्या पिढीने ते बदलून सित्रून केले. त्याचाही डच भाषेतील अर्थ लिंबूच! पॅरिसला आल्यावर त्यातील एका अक्षरावर दोन टिंबे चढली आणि सित्रूनचे सित्रोएन झाले. आपल्याकडेही धंद्यावरून पडलेली आडनावे थोडी आहेत का?

आंद्रे सहा वर्षांचा असताना, १८८४ साली, वडिलांनी आत्महत्या केली. लहान वयात पडलेला हा घाव किती खोल गेला असेल याचा अंदाजच करावा. आईने पाच मुलांना वाढवले. त्याच सुमारास पॅरिसच्या मध्यावर आयफेल टॉवर वर वर चढत होता. १८८९ साली तो पूर्ण झाला तेव्हा आंद्रे अकरा वर्षांचा होता. लोखंडाचे एवढे मोठे काम डोळ्यांदेखत उभे राहताना पाहणाऱ्या मुलाला इंजिनियर व्हावेसे वाटले तर नवल ते काय? पुढे तो एकोल पोलितेक्निक या फ्रान्सच्या नामांकित संस्थेत शिकला. शिक्षण चालू असतानाच, १८९९ साली, आईही गेली.

१९०० साली तो आईच्या माहेरी, पोलंडला गेला. पोलंडचा तो भाग त्या वेळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. तेथे त्याने काही दातेरी चाके पाहिली. त्यांचे दात सरळ नव्हते. प्रत्येक दात मधोमध वाकून कोन करीत होता, माशाच्या काट्यासारखा. यात विशेष ते काय, हे समजण्यासाठी दातेरी चाकांचे काम थोडे पाहिले पाहिजे.

साध्या चाकाचे दात सरळ, आसाला समांतर असतात. दोन चाके फिरताना एक अख्खा दात दुसऱ्या अख्ख्या दातावर एकदम आपटतो. त्यामुळे खडखडाट होतो, धक्के बसतात आणि दात झिजतात. दात तिरके कापले तर ते एका टोकाकडून हळूहळू एकमेकांत शिरतात, आवाज कमी होतो आणि चाल मऊ होते. पण तिरकेपणाचा एक तोटा आहे. तिरका दात चाकाला आसाच्या दिशेने बाजूला रेटतो. हा रेटा आसाच्या टोकांना सोसावा लागतो. आता एकाच चाकावर अर्धे दात उजवीकडे तिरके आणि अर्धे डावीकडे तिरके कापले तर? दोन्ही रेटे एकमेकांविरुद्ध लागून नाहीसे होतात. चाक जागच्या जागी राहते, आवाज करीत नाही आणि मोठे बळ वाहून नेते. काट्याच्या आकाराचे रहस्य ते एवढेच. अडचण एकच होती, ती म्हणजे असे दात पोलादात अचूक कापणे फार कठीण.

आंद्रेने त्या चाकांचे हक्क विकत घेतले. त्याने ही कल्पना शोधून काढली नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती दुसऱ्याची होती. आंद्रेने तिची किंमत ओळखली आणि तसे दात पोलादात कापण्याची पद्धत बसवली. १९०५ साली त्याने भागीदारांसह पॅरिसमध्ये चाकांचा कारखाना काढला. पुढे त्याचे नाव सित्रोएन दातेरी चाकांची कंपनी असे झाले. १९०८ साली मॉर्स या डबघाईला आलेल्या मोटार कंपनीची व्यवस्था त्याच्याकडे आली आणि ती त्याने सावरली. १९१२ साली त्याने अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्डचा कारखाना पाहिला. एकाच साच्याच्या हजारो वस्तू ओळीने कशा बनतात ते तेथे त्याच्या मनावर ठसले.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. थोरला भाऊ बेर्नार त्याच वर्षी रणांगणावर पडला. आंद्रे तोफखान्यात अधिकारी होता. शत्रूच्या तोफांपुढे आपल्या तोफा गप्प का पडतात, हे त्याने जवळून पाहिले. कारण सरळ होते, तोफगोळेच पुरे पडत नव्हते. त्याने सरकारपुढे योजना मांडली आणि १९१५ साली सीन नदीच्या काठी, झावेल धक्क्यावरील मोकळ्या जागेत काही महिन्यांत प्रचंड कारखाना उभा केला. युद्ध संपेपर्यंत तेथून दोन कोटींहून अधिक तोफगोळे बाहेर पडले. कामगारांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यासाठी भोजनगृह, दवाखाना आणि मुलांसाठी पाळणाघर होते. माणसे मारणाऱ्या वस्तूंच्या कारखान्यात पाळणाघर! या विरोधाभासापाशी माझे मन अडखळते. पण त्या काळच्या कामकरी आईला त्या पाळणाघराचे मोल काय वाटले असेल, हेही विसरता येत नाही.

युद्ध संपले. गोळे नकोत, मग एवढ्या यंत्रांचे करायचे काय? आंद्रेने उत्तर आधीच ठरवून ठेवले होते. १९१९ साली त्याच कारखान्यातून टाइप ए ही मोटार निघाली. तोपर्यंत युरोपात मोटार म्हणजे धनिकांची चैन होती. सांगाडा एकाकडून घ्यायचा, वरचा साज दुसऱ्याकडून करून घ्यायचा. सित्रोएनने दिवे, चाके, टप यांसकट चालवण्यास तयार गाडी विकायला काढली. युरोपात फोर्डच्या पद्धतीने मोठ्या संख्येने बनलेली ही पहिली गाडी मानली जाते. तिच्या तोंडावर काय लावायचे हा प्रश्न आला तेव्हा त्याने सिंह शोधला नाही, मुकुटही शोधला नाही. ज्या चाकाने आपल्याला उभे केले त्याचे दोन दात घेतले आणि निळ्या बिल्ल्यावर पिवळ्या रंगात बसवले.

पुढची दहा वर्षे हे दोन कोन जगभर फिरले. डिसेंबर १९२२ मध्ये मागच्या चाकांऐवजी रबरी पट्टे बसवलेल्या त्याच्या गाड्या सहारा ओलांडायला निघाल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टूला पोहोचल्या. १९२४–२५ साली अशाच गाड्यांनी आफ्रिका उत्तरेकडून दक्षिणेकडे पार केली. १९३१ साली बैरूतहून निघालेली तुकडी आशिया ओलांडून १९३२ साली पेकिंगला पोहोचली. या मोहिमेची वाट आपल्या काश्मीरमधून गेली. श्रीनगरहून गिलगिटकडे जाताना रस्ता इतका अरुंद झाला की काही ठिकाणी मोटारी सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या. मोटारीने माणसाला वाहून न्यावे यासाठी तिचा जन्म. हिमालयात माणसाने मोटारीला वाहून नेले. त्या मोहिमेचा नायक झॉर्झ-मारी हार्ट परतीच्या वाटेवर हाँगकाँगला मरण पावला.

जाहिरातीची कला या माणसाला उपजतच होती. १९२५ पासून १९३४ पर्यंत आयफेल टॉवरवर सुमारे अडीच लाख दिव्यांनी त्याचे नाव झळकत होते. फ्रान्सच्या रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या त्याने लावून दिल्या, त्यांवरही दोन कोन होतेच. मुलांसाठी त्याने आपल्या गाड्यांची खेळणी काढली. आजचे मूल उद्याचे गिऱ्हाईक, हा हिशेब त्यामागे होता. १९२९ साली त्याच्या कारखान्यातून वर्षाला एक लाखाहून अधिक गाड्या निघत होत्या.

पण हाच माणूस दोव्हिलच्या जुगारगृहात एका रात्रीत मोठमोठ्या रकमा हरत असे. जुगार त्याच्या स्वभावातच होता आणि धंद्यातही तो डाव लावूनच खेळे. १९२९ नंतर जगभर मंदी आली. इतरांनी हात आखडते घेतले, त्याने मात्र १९३३ साली झावेलचा कारखाना पाडून नव्याने बांधला. आणि १९३४ साली काळाच्या पुढची गाडी आणली. तिची शक्ती मागच्या नव्हे, पुढच्या चाकांना मिळे. वेगळा सांगाडा नव्हता. टप आणि सांगाडा एकजीव होते. ब्रेक द्रवाच्या दाबाने लागत. या गाडीच्या तोंडावरील जाळीवर दोन कोन एवढे मोठे केले होते की गाडी कोणाची हे विचारायची गरजच पडू नये.

गाडी उत्तम होती, पण घाईने बाजारात आली. पहिल्या गाड्यांत दोष निघाले. कर्ज डोक्यावरून वाहू लागले. डिसेंबर १९३४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि सर्वांत मोठा धनको, टायरवाला मिशलँ, मालक झाला. ज्या घराचे छप्पर आंद्रेने बांधले त्यातून तो बाहेर पडला. पोटाच्या कर्करोगाने ३ जुलै १९३५ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तो पॅरिसमध्ये मरण पावला. ज्या गाडीने त्याला बुडवले ती पुढे १९५७ पर्यंत बनत राहिली आणि तिच्या साडेसात लाखांहून अधिक प्रती निघाल्या. डाव बरोबर होता, पण फळ पाहायला खेळाडू उरला नाही.

धनी गेला, चिन्ह मात्र राहिले. १९७६ साली कंपनी प्यूजोच्या हाती गेली, २०२१ साली स्टेलांटिस या मोठ्या समूहात मिळाली. १९८५ साली कोन लाल पार्श्वभूमीवर पांढरे झाले, २००९ साली गोलसर धातूचे झाले आणि २०२२ साली पुन्हा पहिल्या काळातील लंबगोलाकडे वळले. झावेलच्या कारखान्याच्या जागी १९९२ साली आंद्रे सित्रोएनच्या नावाचे उद्यान झाले. मालक बदलले, रंग बदलले, कारखान्याची बाग झाली. पण दोन दात काढून टाकण्याचे धाडस कोणी केले नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट सलते. पोलंडमधली ती चाके ज्याच्या हातची होती, तो कारागीर सित्रोएनच्या कथेत बिननावाचा राहिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे आजोबा सुतार होते, बैलगाडीची चाके करीत. त्यांच्या हातचे एखादे चाक अजून कुठे फिरत असेल तर त्यावर त्यांचे नाव नाही. जगातील बहुतेक चाकांची कथा अशीच असते. म्हणून मला सित्रोएनचे मोठेपण त्याच्या लाख गाड्यांत किंवा आयफेल टॉवरवरील दिव्यांत दिसत नाही. इतका डामडौल करणाऱ्या या माणसाने आपल्या गाडीच्या कपाळावर मात्र एका कारागिराच्या चाकाचे दात लावले, यात दिसते. नाव तो विसरला असेल, पण काम विसरला नाही. हे पुरेसे आहे का? माझ्या मते नाही. पण इतर बिल्ल्यांवर तेवढेही नाही.

आणि त्या दातांनी त्याला एक धडाही दिला होता. दोन तिरके रेटे समसमान असतील तरच चाक जागेवर राहते. आंद्रेजवळ हिशेब होता आणि धाडसही होते. जोवर दोन्ही तोलून होते तोवर त्याचे चाक आवाज न करता जगभर फिरले. शेवटी धाडसाचा रेटा वाढला आणि चाक आसावरून सरकले. रोज डोळ्यांसमोर असलेले चिन्ह सर्वांत आधी त्याच्या मालकालाच दिसेनासे होते की काय, कोण जाणे! आपण मात्र ते दोन कोन पाहू तेव्हा त्यांत बाण किंवा फिती पाहण्याऐवजी दात पाहावेत आणि ते पहिल्याने घडवणाऱ्या हातांची एकदा आठवण करावी.