ना. म. जोशी : गिरणीतल्या आईच्या रजेसाठी झगडलेला कामगार नेता

सात रस्त्याकडून लोअर परळच्या दिशेने जाणाऱ्या ना. म. जोशी मार्गावर आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. डिलाईल रोड हे जुने नाव अजूनही अनेकांच्या तोंडी आहे. पण ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले, त्या नारायण मल्हार जोशी यांचा चेहरा फारच थोड्यांना आठवतो. आयटकचे एक संस्थापक एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात उरली. बाळंतपणानंतर कामगार स्त्रीला मूल छातीशी धरायला उसंत मिळावी, यासाठी त्यांनी केलेली खटपट मात्र विस्मरणात गेली.

जोशी यांचा जन्म 5 जून 1879 चा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्यात शिक्षण घेऊन काही वर्षे शिक्षकी केल्यानंतर 1909 मध्ये ते नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी तिची कामे गिरणगावात सुरू झाली आणि त्या निमित्ताने जोशी चाळींच्या खोल्याखोल्यांतून फिरले.

त्या खोल्यांमधले चित्र विदारक होते. गिरण्यांतील स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करीत. कायद्याने त्यांच्या कामाची मर्यादा दिवसाला 11 तासांची. बाळंतपणासाठी घरी बसायचे तर मजुरी बुडे, शिवाय परतल्यावर जागा शाबूत असेलच याची खात्री नसे. मग तान्हे मूल शेजारणीकडे किंवा म्हातारीकडे सोपवायचे आणि ते दिवसभर शांत पडून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी द्यायची. हे घरोघरी चाले. त्या आयांना अडाणी म्हणून बोल लावणारे सुधारक त्या काळी पुष्कळ होते. पगार आणि पाजणे यांतून एकाचीच निवड करायला लावणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवणारे मोजकेच, आणि जोशी त्यांपैकी एक होते.

1919 मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. प्रसूतीपूर्वी सहा आणि प्रसूतीनंतर सहा आठवडे रजा, त्या काळात निर्वाहाची तरतूद, आणि कामावर परतलेल्या आईला मूल पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सुट्टी, असा करार त्या परिषदेने मंजूर केला. भारत सरकारला मात्र आधी या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगण्यात आले. त्यातूनच मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरकडे सोपवली गेली. 1922 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि बाळगोळीची गोष्ट सरकारी कागदावर नोंदली गेली.

केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त सदस्य असलेल्या जोशींनी 1924 मध्ये प्रसूती लाभाचे विधेयक मांडले. कारखाने, खाणी आणि मळे या तिन्ही ठिकाणच्या स्त्रिया त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. सरकारने विरोध केला. 1925 मध्ये ते विधेयक फेटाळले गेले.

पण प्रश्न विझला नाही. मुंबई विधिमंडळात आसवले यांनी तसेच विधेयक आणले. 1928 च्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची जोरदार पाठराखण केली. मातेच्या विश्रांतीत साऱ्या समाजाचे हित असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, तथापि तिच्या श्रमावर नफा मिळवणारा मालकही जबाबदारीतून सुटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातील असा हा पहिला प्रांतिक कायदा. बाळंतिणीला दिवसाला आठ आणे मिळू लागले. रक्कम लहानच, परंतु ती हक्काची होती. कुणाच्या मेहेरबानीची नव्हती.

या यशाला एक काळी किनारही आहे. भत्त्याचा सारा भार त्या-त्या गिरणीच्या मालकावर टाकला गेला. पुढील दोन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांची फेररचना ही कारणे होतीच, पण बाळंतपणाचा खर्च नको म्हणून स्त्री कामगारच नको, असा हिशेब करणारेही होते. खर्च कुणी सोसायचा, हा बाबासाहेबांनी उपस्थित केलेला मुद्दा किती नेमका होता, हे येथे ध्यानात येते.

जोशी 1929 ते 1931 या काळात कामगारविषयक रॉयल कमिशनचे सदस्य होते. प्रसूती लाभ इतर प्रांतांतही लागू करावा आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत, अशा शिफारशी त्या कमिशनने केल्या. 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली सक्तीची करण्याचा अधिकार 1934 च्या कारखाने कायद्याने प्रांतांना दिला. 1941 मध्ये खाणींसाठी वेगळा प्रसूती लाभ कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघराबरोबरच मूल पाजण्यासाठी आईला ठराविक अंतराने वेळ देण्याची तरतूद आली.

याच काळात जोशी स्वतः वादळांत सापडले होते. 1929 च्या नागपूर अधिवेशनात आयटक फुटली, तेव्हा साम्यवाद्यांशी न पटल्याने ते बाहेर पडले आणि 1940 मध्ये एकीनंतर पुन्हा सरचिटणीस झाले. जहालांना ते मवाळ वाटत. कायद्याच्या एकेका कलमासाठी वर्षानुवर्षे समित्यांत बसणाऱ्या माणसाभोवती वलय निर्माण होत नाही, हेही खरेच.

30 मे 1955 रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. पाजण्याच्या दोन सुट्ट्या आणि 12 आठवड्यांची पगारी रजा देणारा देशव्यापी प्रसूती लाभ कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, 1961 मध्ये संमत झाला. वॉशिंग्टनमध्ये जोशींच्या समक्ष ठरलेल्या बारा आठवड्यांच्या आकड्याला तोवर 42 वर्षे उलटली होती. ती रजा 26 आठवड्यांची झाली 2017 मध्ये. तेव्हा डिलाईल रोडवरच्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले होते.