वेणुवादक पंडित पन्नालाल घोष

गोकुळातील मुरलीची थोरवी आपल्या संतांनी अपार गायिली, तरी शास्त्रीय संगीताच्या मैफलीत मात्र त्या वेळूच्या नळीला पूर्वी फारसे स्थान नव्हते. गुराख्याने फुंकावी, जत्रेत विकली जावी, फार तर नाटक-सिनेमाच्या वाद्यमेळात साथीला असावी, एवढीच तिची पायरी. तिला ख्यालाच्या बैठकीत मानाने आणून बसविण्याचे श्रेय पंडित पन्नालाल घोष यांच्याकडे जाते.

त्यांचा जन्म 1911 साली पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. मूळ नाव अमलज्योती. वडील अक्षयकुमार सतारवादक होते, त्यामुळे सुरांचे बाळकडू घरीच मिळाले. तरुणपणी व्यायामाचा व मुष्टियुद्धाचा मोठा नाद. पुढे लांब बासरीला जो दमसास लागला, त्याची शिदोरी बहुधा तालमीतच बांधली गेली असावी. स्वातंत्र्याच्या चळवळीत वावरणाऱ्या तरुणांत मिसळल्याने पोलिसांची नजर वळली आणि त्यांनी कलकत्ता गाठले.

तेथे न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या हाताखाली वादकाचे काम मिळाले. पोटाची सोय झाली, पण मनाची झाली नाही. बासरीवर ख्याल शिकविणारा गुरू आणावा कोठून? तेव्हा त्यांनी हार्मोनियमचे उस्ताद खुशी महंमद खान यांची तालीम घेतली, नंतर गायक गिरिजाशंकर चक्रवर्ती यांची. विद्या गळ्याची, पण उतरवायची वेळूत!

लहान बासरीत खर्जाचे गांभीर्य येईना. वेगवेगळे प्रयोग करीत ते सुमारे 32 इंच लांबीच्या वेळूपर्यंत पोहोचले. बोटे ताणूनही छिद्रांवर नीट पोहोचणे कठीण, तरी रियाज सोडला नाही. आणखी एक अडचण होती. सहाही छिद्रे झाकली की मंद्र पंचम लागे. त्याखाली वाटच नव्हती. त्यांनी करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले आणि मंद्रातला तीव्र मध्यम हाती आला. यमनासारख्या रागाला त्याने केवढी जागा मिळाली, हे जाणकारांस सांगावयास नको.

1938 साली सराईकेला नृत्यमंडळाबरोबर युरोपचा दौरा झाला. 1940 मध्ये ते मुंबईस आले. पत्नी पारुल घोष गायिका. मेहुणे अनिल विश्वास संगीत दिग्दर्शक. 1942 च्या ‘बसंत’ चित्रपटाचे संगीत पन्नालालजींच्या नावावर आहे. पैसा, नाव, सारे होते. तरीही 1947 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांपुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. नावाजलेल्या कलावंताने नव्याने गुरूपुढे मान लवविणे सोपे नसते.

1956 मध्ये आकाशवाणीच्या दिल्लीतील वाद्यवृंदाचे संचालन त्यांच्याकडे आले. वादन आणि शिकवणे दोन्ही चालूच होते. शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर पुढे जावईही झाले. 20 एप्रिल 1960 रोजी दिल्लीतच पन्नालालजींचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती.