प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज : नेमाची दृष्टी

सत्पुरुषांचे चरित्र ऐकण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीने ऐकणारा मनुष्य हात जोडतो, सद्गदित होतो आणि घरी गेल्यावर पूर्वीप्रमाणेच वागू लागतो. दुसऱ्या रीतीने ऐकणारा मनुष्य त्या चरित्रातून आपल्या उद्याच्या दिवसापुरते काहीतरी उचलून घेतो. पहिली रीत सोपी असल्यामुळे आपण बहुधा तिचाच अंगीकार करतो. ज्यांच्या चरित्राच्या बाबतीत हे विशेष घडले, अशा एका विभूतीचे स्मरण या मंगल प्रसंगी करावे, असे मनात आल्यामुळे हा अल्प प्रयत्न.

श्रीगुलाबराव महाराज हे वऱ्हाडचे. वैनगंगेच्या काठच्या आपल्या बालाघाट जिल्ह्याला वऱ्हाड परके नाही. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, आणि पुढे १९५६ पर्यंत अमरावती व बालाघाट हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात नांदत होते. आज मध्ये राज्याची सीमा आली असली, तरी येथील मराठी घरांतून ज्ञानेश्वरीची पारायणे चालतात, आणि ज्ञानेश्वरमाउलीला आपली माता मानणाऱ्या या प्रज्ञाचक्षू सत्पुरुषाचे नाव भाविकांना ठाऊक असते.

महाराजांचा जन्म आषाढ शुद्ध दशमी, शके १८०३, म्हणजे ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. घराणे माधान येथील मोहोड. कुळ कुणबी, व्यवसाय शेतीचा. पित्याचे नाव गोंदुजी, मातेचे अलोकाबाई. बालक अवघ्या नऊ महिन्यांचे असता डोळे आले आणि अयोग्य उपचारामुळे दृष्टी कायमची गेली. चार वर्षांचे वय होते न होते तोच मातेचे छत्र हरपले. पुढील काही वर्षे आजीने लोणी टाकळीस सांभाळ केला. अक्षरओळख डोळ्यांनी होते अशीच त्या काळच्या खेड्याची समजूत. दृष्टिहीन मुलासाठी तेथे शाळा नव्हती, शिकवण्याची रीत नव्हती आणि असा मुलगा शिकू शकेल ही अपेक्षाही नव्हती. अशा मुलाने ओसरीवर बसून राहावे आणि घरच्यांनी त्याची कीव करावी, एवढेच त्याच्या वाट्याला येणे सहज शक्य होते.

परंतु या बालकाने कानाला डोळा केले. गावात होणारे भजन, कीर्तन, पुराण, वडीलधाऱ्यांचे बोलणे, जे काही कानावर पडेल ते त्याने मनात साठवले. एकदा ऐकलेले त्यांना पाठ होई, असे भक्तमंडळी सांगतात. ते खरे मानूनही एक गोष्ट विसरता कामा नये. एकदा ऐकण्यासाठीसुद्धा ऐकावयास बसावे लागते, आणि वाचून दाखवणारा कोणी मिळवावा लागतो. डोळस मनुष्याला पुस्तक हवे तेव्हा उघडता येते, हवे तेव्हा मिटता येते. दृष्टिहीनाला दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागते. वाचणारा ज्या घटकेला येईल त्या घटकेला आपले मन सिद्ध असले पाहिजे. ती घटका आळसात गेली तर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही. महाराजांच्या पाठांतराचे मूळ शोधावयाचे, तर या सदैव सिद्ध असण्याच्या सवयीकडेही पाहिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१८९६ साली मनकर्णिकाबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसार झाला, पुत्रप्राप्ती झाली. म्हणजे प्रपंचाची चिंता त्यांना चुकली नव्हती. १९०१ साली श्रीज्ञानेश्वरमहाराजांचा अनुग्रह झाला, आणि तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. माउलींनी समाधी घेतली ती १२९६ साली. सहा शतकांपूर्वी समाधिस्थ झालेल्या गुरूंचे हे शिष्यत्व होते. रोज पाठ विचारणारे, चुकल्यावर कान धरणारे, उशीर झाल्यास रागावणारे गुरू समोर देहाने नव्हते. ज्याचे गुरू समोर नाहीत त्याला आपला नेम आपणच राखावा लागतो, आणि नेमाची खरी परीक्षा तेथेच होते. १९०५ साली त्यांनी कात्यायनी व्रत केले. श्रीकृष्णाची पत्नी या भावनेने ते कुंकू व मंगळसूत्र धारण करू लागले. लोकदृष्टीला हे विलक्षण वाटले असेल. पण ज्या भक्तिभावाला मधुराद्वैत असे नाव त्यांनी दिले, तो त्यांनी आचरणात अखेरपर्यंत सांभाळला.

आता त्यांच्या ग्रंथरचनेकडे वळू. त्यांच्या ग्रंथांची संख्या एकशेतीसहून अधिक मानली जाते. त्यांत ओव्या आहेत, अभंग-पदे आहेत, स्तोत्रे आहेत, सूत्रबद्ध संस्कृत ग्रंथ आहेत, प्रश्नोत्तरे आहेत, पत्रे आहेत. भाषा म्हणावी तर संस्कृत, मराठी, हिंदी आणि आपली घरची वऱ्हाडी. एकीकडे मानसायुर्वेदासारखा विषय, दुसरीकडे संप्रदायसुरतरूसारखा संप्रदायविचार, आणि त्याच वेळी बायाबापड्यांना गाता यावीत अशी स्त्रीगीते. पाश्चात्य पंडितांपैकी डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. नावंग नावाची एक स्वतंत्र सांकेतिक भाषाही त्यांनी निर्माण केली. हे सर्व मुख्यतः विसाव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंतच्या काळातले. सरासरी काढली तर वर्षाला नऊ-दहा ग्रंथ पडतात.

वाचक येथे स्वाभाविकपणे म्हणेल की, ही ईश्वरी देणगी. आम्हां सामान्यांस त्याचे काय? याच ठिकाणी थोडे थांबावे. देणगी होती यात संशय नाही. परंतु ती देणगी कागदावर उतरली कशी, हे पाहावे. महाराजांना लेखणी धरून आपले लिहिलेले तपासता येत नव्हते. प्रथम दुसऱ्याकडून ग्रंथ ऐकावयाचा. मग त्याचा अर्थ मनात लावावयाचा. मग आपले म्हणणे ओळीओळीने मनातच रचावयाचे. आणि मग लेखकास सांगावयाचे. सांगताना लेखकाचा हात जेवढा चालेल तेवढ्याच वेगाने बोलावयाचे, तो थांबला की थांबावयाचे, आणि विचाराचा धागा तुटू द्यावयाचा नाही. लिहिलेले पुन्हा वाचवून घेऊन दुरुस्त करावयाचे. एका पृष्ठामागे एवढी यातायात! डोळसाला जे काम एका बैठकीत होते, त्यासाठी येथे दोन माणसांची सवड आणि एका माणसाचा अखंड धीर लागत होता. हे सारे एखाद्या दिवशी स्फूर्ती आली म्हणून होणारे काम नव्हे. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, मन ठरलेले, तरच ते होते. प्रवासातही त्यांच्याबरोबर ग्रंथांच्या पेट्या असत असे सांगतात. ज्याला स्वतः एक अक्षर दिसत नव्हते त्याने ग्रंथांचा भार वाहावा, यातच सर्व आले.

ही गोष्ट लिहिताना प्रस्तुत लेखकास आपली एक चूक सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृत पाठशाळेत अध्यापन करीत असता रोज पहाटे भाष्याचे एक पान वाचण्याचा नेम दहा वर्षांपूर्वी घेतला होता. एका चातुर्मासात ज्वराने आठ दिवस अंथरूण धरावे लागले आणि नेम खंडित झाला. ज्वर आठ दिवसांत गेला. नेम मात्र दोन महिने परतला नाही. प्रकृतीचे कारण लोकांस सांगत असे. खरे कारण निराळे होते. मोडलेला नेम पुन्हा धरताना जी लाज वाटते, ती सोसवत नव्हती. एवढे दिवस चुकले, ते भरून काढल्याशिवाय आरंभ कसा करावा, हा विचार रोज पुढे येई आणि रोजचा आरंभ उद्यावर जाई. शेवटी एका पहाटे पान बाजूला ठेवून केवळ एकच ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी दोन. पंधरवड्याने पान पुरे होऊ लागले. चुकलेले दिवस भरून निघाले नाहीत, आणि ते भरून काढण्याची आवश्यकताही नव्हती, हे तेव्हा उमगले.

पाठशाळेतील संथेची रीत भाविकांस ठाऊक आहेच. गुरूंनी एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा म्हणावे. पुस्तक मिटलेले असते. सर्व व्यवहार कानाचा आणि मुखाचा. चूक झाली की त्याच पदापासून पुन्हा उच्चार. मागील सर्व अध्याय पुन्हा म्हणण्याची शिक्षा कोणी देत नाही. मंदबुद्धी म्हणून ज्यांची आशा सोडावी असे वाटते, ती मुलेही याच रीतीने, अर्ध्या अर्ध्या चरणाने, सूक्तेच्या सूक्ते पाठ करताना आपण पाहतो. महाराजांनी पाठशाळेत बसून क्रमाने अध्ययन केले नाही. पण त्यांचे सारे आयुष्य म्हणजे एक दीर्घ संथाच होती. ऐकणे, धरणे, म्हणणे, आणि चुकले तर तेथूनच पुढे जाणे.

२० सप्टेंबर १९१५, भाद्रपद शुद्ध द्वादशी, या दिवशी पुणे येथे महाराजांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस. हा लेख लिहिणाराही याच वयाचा आहे, आणि त्याचे दोन्ही डोळे शाबूत आहेत. त्यामुळे हे चरित्र वाचताना नुसते हात जोडून सुटका होत नाही.

मठाच्या या वर्धापनप्रसंगी भक्तजनांनी मोठमोठे संकल्प करावेत हे योग्यच. परंतु त्यांतील एक संकल्प लहान असावा. उद्या पहाटे करता येईल, ज्वर आला तरी पुन्हा धरता येईल, आणि मोडला तर लाज न बाळगता जेथे मोडला तेथूनच उचलता येईल, एवढा लहान. शेतकऱ्याने तो बांधावर पाळावा, गृहिणीने देवघरात, विद्यार्थ्याने दिव्यापाशी. श्रीगुरुचरणी प्रार्थना एवढीच की, दिसत असूनही न पाहण्याचा आमचा दोष दूर व्हावा, आणि न दिसताही पाहणाऱ्या त्या प्रज्ञाचक्षूंच्या नेमाचा एखादा कण तरी आमच्या नित्य जीवनात रुजावा.